बालसाहित्याचा पुरस्कार : रक्कम ठरवण्याआधीची कामं

साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्या या दोघांच्या गोष्टी-कवितांवर वाढल्या. तरी साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार दोघांच्याही नावावर नाही. कारण साधं आहे. गुरुजी 1950 साली गेले, तेव्हा अकादमीच अस्तित्वात नव्हती. विंदा 14 मार्च 2010 रोजी गेले आणि हा पुरस्कार सुरू झाला तो नेमका 2010 साली.

अकादमीची स्थापना 12 मार्च 1954ची. मुख्य पुरस्कार 1955पासून दिले जाऊ लागले. अनुवादासाठी वेगळा पुरस्कार यायला 1989 उजाडलं, भाषा सन्मान 1996 साली आला आणि मुलांच्या पुस्तकांचा नंबर लागला तो त्यानंतर. त्याआधी मुलांची पुस्तकं अपात्र होती असं नाही. पण कादंबरी, समीक्षा, आत्मचरित्र यांच्या रांगेत बडबडगीतांचं पुस्तक उभं केलं, तर परीक्षकाचा हात कुठे जाणार हे सांगायला नको. वेगळा पुरस्कार म्हणजे वेगळी रांग. स्थापनेचा पहिला अर्थ एवढाच.

कोकणात आज बरीच वाचनालयं, शाळांचे माजी विद्यार्थी, मुंबईकर चाकरमान्यांची मंडळं 'आपणही बालसाहित्याला एक पुरस्कार ठेवू या' असं म्हणतात. बहुतेक ठिकाणी चर्चा रकमेपासून सुरू होते आणि सन्मानचिन्हाच्या आकारापाशी संपते. खरं काम त्याआधीचं असतं. ते कसं करायचं हे समजून घ्यायला राष्ट्रीय पुरस्काराची रचना उघडून बघणं हा उत्तम मार्ग आहे.

राष्ट्रीय पुरस्कार आतून

बाल साहित्य पुरस्कार म्हणजे 50,000 रुपये आणि कोरलेला ताम्रपट. अकादमी 24 भाषांना मान्यता देते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22, अधिक इंग्रजी आणि राजस्थानी. प्रत्येक भाषेला दरवर्षी जास्तीत जास्त एक पुरस्कार. म्हणजे सगळ्या भाषांत दिला गेला तरी नुसत्या रकमेचा खर्च वर्षाला 12 लाख. देशाच्या हिशेबात हा आकडा किरकोळ आहे. महाग असते ती यंत्रणा, आणि ती अकादमीकडे आधीपासून तयार होती: भाषावार सल्लागार मंडळं, तीन परीक्षकांची पद्धत, अंतिम मंजुरी देणारं कार्यकारी मंडळ, दिल्लीतलं कार्यालय. 2010 साली नवी संस्था उभारावी लागली नाही, चालत्या गाड्याला एक डबा जोडला. लगेच पुढच्या वर्षी 35 वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्काराचा डबाही जोडला गेला.

निवड अशी होते. आधी त्या भाषेतल्या पुस्तकांची यादी तयार होते आणि छाटली जाते. मग तीन परीक्षक एकमताने किंवा बहुमताने एक नाव सुचवतात. कार्यकारी मंडळाने मंजूर केलं की घोषणा. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी ती जूनमध्ये झाली. प्रत्यक्ष वितरण बालदिनाच्या, म्हणजे 14 नोव्हेंबरच्या आसपास होतं. मराठीतला पहिला, 2010चा पुरस्कार अनिल अवचटांना मिळाला.

सुरुवातीच्या वर्षांत एक सोय होती. एखादं पुस्तक न निवडता लेखकाच्या बालसाहित्यातल्या एकूण योगदानासाठीही पुरस्कार देता येत असे. मराठीत 2018 साली रत्नाकर मतकरींना तो असा मिळाला. ही सोय नीट समजून घ्यावी, कारण प्रत्येक नव्या पुरस्कारापुढे हा पेच येतोच. पुरस्कार उशिरा सुरू झाला की ज्येष्ठांची मोठी थकबाकी साचलेली असते. फक्त ताज्या पुस्तकांना द्यायचं ठरवलं, तर ज्यांनी आयुष्यभर मुलांसाठी लिहिलं ते बाहेर राहतात. फक्त ज्येष्ठांना द्यायचं, तर पुरस्काराचा सत्कार-समारंभ होतो आणि नव्या पुस्तकांकडे कुणी बघत नाही. दोन्ही दारं काही काळ उघडी ठेवायची आणि एक दार कधी बंद करायचं ते आधीच लिहून ठेवायचं, हा त्यातला शहाणा तोडगा. लिहून ठेवलं नाही तर ते दार बंद करताना कुणीतरी दुखावतंच.

'कधीचं पुस्तक?'

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती प्रकाशनाच्या तारखेवरून. 2025च्या बाल साहित्य पुरस्कारासाठी पुस्तक 1 जानेवारी 2019 ते 31 डिसेंबर 2023 या काळात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं असणं गरजेचं होतं. पाच वर्षांची खिडकी, आणि पुरस्काराच्या अगदी अलीकडचं वर्ष त्यात नाही. ते वगळलेलं वर्ष पुस्तकांना बाजारात, वाचनालयांत आणि परीक्षकांपर्यंत पोचायला वेळ देतं. मोबदल्यात एक विचित्र गोष्ट होते. 2019 साली आठ वर्षांच्या मुलीने वाचलेल्या पुस्तकाला 2025 साली पुरस्कार मिळाला, तर ती वाचक तोवर नववीत गेलेली असते.

आता एखाद्या बालकवितासंग्रहाचं श्रेयपृष्ठ उघडा. शीर्षकाच्या मागचं पान. तिथे छापलेलं असतं 'प्रथमावृत्ती : 14 नोव्हेंबर 2023'. बालदिनाची तारीख शोभते म्हणून टाकलेली. पुस्तक छापखान्यातून बाहेर आलं पुढच्या फेब्रुवारीत. किंवा उलट, 'दुसरी आवृत्ती' असं ठळक छापलंय आणि पहिल्या आवृत्तीचं साल कुठेच नाही. किंवा कविता जुन्याच, दोन संग्रहांतून वेचलेल्या, फक्त चित्रं नवी. स्थानिक पुरस्काराच्या नियमात यासाठी तीन वाक्यं पुरतात. एक, श्रेयपृष्ठावर छापलेली पहिल्या आवृत्तीची तारीखच ग्राह्य. दोन, पूर्वी पुस्तकरूपाने आलेला मजकूर निम्म्याहून जास्त असेल तर ते पुस्तक अपात्र. तीन, दिवाळी अंकात किंवा मासिकात आधी येऊन गेलेला मजकूर चालेल. तिसरं वाक्य विसरू नका. मराठीतल्या कितीतरी बालकथा पहिल्यांदा दिवाळी अंकातच येतात, आणि 'आधी प्रसिद्ध झालेली' म्हणून त्या बाद करायच्या ठरवल्या तर हाती फार थोडं उरेल.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, मागायला हरकत नाही. तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. पण त्याचा आग्रह धरू नये. आश्रमशाळेतल्या शिक्षकाने स्वतः छापलेलं चांगलं पुस्तक केवळ एका क्रमांकासाठी बाहेर ठेवण्यात काय मिळवलं?

भाषा : कोकणातला खास पेच

राष्ट्रीय पुरस्कारात मराठी आणि कोकणी या दोन स्वतंत्र भाषा आहेत, दोघींना स्वतंत्र पुरस्कार. अकादमीने कोकणीला 1975 साली मान्यता दिली, आठव्या अनुसूचीत ती 1992च्या घटनादुरुस्तीने आली. कागदावर हे सरळ आहे. सावंतवाडीत किंवा वेंगुर्ल्यात बसून मालवणीत लिहिलेल्या मुलांच्या गोष्टी हातात घेतल्या की सरळ राहत नाही. मालवणी मराठीची बोली मानायची की कोकणीची, यावर गावागावात ठाम मतं आहेत आणि दोन्हीकडे तावातावाने बोलणारे आहेत. अलिबाग-उरणकडे आगरी, संगमेश्वराकडे संगमेश्वरी, रायगडच्या वाड्यांवर कातकरी. या बोलींतली मुलं घरी एक भाषा बोलतात आणि पुस्तकात दुसरी वाचतात.

राष्ट्रीय संस्थेला भाषांच्या चौकटीतच काम करावं लागतं. चौकटीबाहेरच्या भाषांसाठी अकादमीचा भाषा सन्मान आहे, पण तो मुलांच्या पुस्तकांसाठी म्हणून नाही. स्थानिक पुरस्काराला मात्र हा पेच सोडवायची मुभा आहे आणि ती वापरली पाहिजे. नियमात 'मराठी भाषेतील पुस्तके' एवढंच लिहिलं, तर पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारील, 'संवाद मालवणीत नि निवेदन मराठीत, हे चालेल ना?' त्याऐवजी 'मराठी, तसेच कोकणपट्टीत बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही बोलीतील, देवनागरीत छापलेली पुस्तके' असं लिहावं. मग कातकरी-मराठी अशा द्वैभाषिक पुस्तकालाही जागा मिळते. पण बोलीतलं पुस्तक आलं की तिघांपैकी किमान एका परीक्षकाला ती बोली कानाने ओळखता आली पाहिजे. नाहीतर 'शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ' असा शेरा येतो. तसे आलेले आहेत.

परीक्षक : तीनच का, आणि कोण नकोत

तीन हा आकडा बरोबरी टाळण्यासाठी. पाच घेतले तर मानधन, टपाल, तारखा जुळवणं सगळं वाढतं, निर्णय सुधारतोच असं नाही. अमेरिकेतलं न्यूबेरी पदक हे बालसाहित्यातलं फार जुनं, 1922 साली सुरू झालेलं पदक. पहिल्या वर्षी बालविभागातल्या ग्रंथपालांचं सरळ मतदान घेतलं होतं. 212 मतं आली, त्यातली 163 एकाच पुस्तकाला. लोकप्रिय पुस्तक निवडायचं तर ही पद्धत सोपी. पण शांतपणे चाळीस पुस्तकं वाचून त्यातलं कमी गाजलेलं, उत्तम पुस्तक शोधायचं तर मतदान उपयोगाचं नाही. तिथेही पुढे निवड समितीकडेच गेली. आणखी एक, न्यूबेरीबरोबर रोख रक्कम दिली जात नाही. नुसतं पदक. शंभर वर्षं त्याचा मान टिकला तो निवडीच्या जोरावर.

मराठी लेखन-प्रकाशनाचं वर्तुळ लहान आहे. मुलांच्या पुस्तकांचं तर फारच लहान. त्यामुळे 'लेखकाचा नातेवाईक परीक्षक नसावा' एवढा नियम पुरत नाही. आपल्याकडे खरं नातं प्रस्तावनेचं असतं. ज्याने प्रस्तावना लिहिली, मलपृष्ठावरचे चार शब्द लिहिले, प्रकाशनसमारंभात अध्यक्षपद भूषवलं किंवा पुस्तकाचं संपादन केलं, त्याने त्या पुस्तकाच्या चर्चेतून उठून जावं. हे परीक्षकाकडून आधी लेखी घ्यायचं. दोन ओळींचं पत्र. परीक्षकाचं स्वतःचं पुस्तक त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी अपात्र, हेही त्यातच.

तिघांत एक मुलांसाठी लिहिणारा, एक प्राथमिक शिक्षक किंवा वाचनालयाच्या बालविभागात रोज बसणारा माणूस आणि एक चित्रांची जाण असलेला, अशी बांधणी असावी. तिसऱ्याला बहुतेक वेळा विसरतात. राष्ट्रीय पुरस्कार लेखकाला मिळतो, चित्रकाराला नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात मात्र निम्मी गोष्ट चित्र सांगतं. स्थानिक पुरस्कारात रकमेचा एक हिस्सा चित्रकारासाठी ठेवला, तर राष्ट्रीय रचनेतली ही उणीव आपल्यापुरती भरून काढता येईल.

छाननीतून उरलेल्या शेवटच्या आठ पुस्तकांची एक चाचणी शाळेत घ्यावी. त्या त्या वयाची दहा-बारा मुलं, एक शिक्षिका, पुस्तकातली तीन पानं मोठ्याने. शिक्षिकेने काही समजावून सांगायचं नाही. परीक्षकाने मागे बसून तीनच गोष्टी टिपायच्या: वाचणारी कुठे अडखळली, मुलं कुठे हसली, आणि कितव्या मिनिटाला पहिल्या मुलाने खिडकीबाहेर पाहिलं. दुसरीतल्या मुलांच्या पुस्तकात एका ओळीत चार जोडाक्षरं आली की अडखळणं होतंच. ओळ भाषणासारखी असली की खिडकी. मुलांच्या मतावर निकाल लावू नये, कारण मुलंही शिक्षकांच्या चेहऱ्याकडे बघून मत देतात. पण मोठ्यांना गोड वाटणारी, मुलांना उपदेशाची वाटणारी पुस्तकं या चाचणीत बहुधा उघडी पडतात.

'यंदा पुरस्कार नाही' असं म्हणायचा अधिकार नियमात लिहायलाच हवा. ब्रिटनमधलं कार्नेगी पदक 1936 सालापासूनचं. 1943, 1945 आणि 1966 या वर्षी ते कुणालाच दिलं नाही, योग्य पुस्तक सापडलं नाही म्हणून. आपल्याकडे हे जड जातं, कारण हॉल ठरलेला असतो आणि पाहुण्यांना आमंत्रण गेलेलं असतं. म्हणूनच निकाल आधी, हॉल नंतर.

पैसा : दहा वर्षांचा हिशेब

आता रक्कम. समजा पुरस्कार 25,000 रुपयांचा. तीन परीक्षकांना प्रत्येकी 5,000 म्हणजे 15,000. शेवटच्या आठ पुस्तकांच्या तीन-तीन प्रती आणि टपाल मिळून 6,000. सन्मानचिन्ह 4,000. लेखकाचा प्रवास आणि राहणं 8,000. हॉल, छपाई, चहा-नाश्ता 12,000. बेरीज 70,000. पुरस्काराची रक्कम एकूण खर्चाच्या निम्मीसुद्धा नाही, हे आधी डोळ्यांखालून घाला.

7 टक्के व्याज धरलं तर 10 लाखांच्या ठेवीवर बरोबर 70,000 येतात. इथेच फसगत होते. दुसऱ्या वर्षी खर्च वाढतो, व्याज तेवढंच राहतं. मग तिसऱ्या वर्षी 'यंदा शाल-श्रीफळावर भागवू' सुरू होतं. ठेव 15 लाखांची असेल तर पहिल्या वर्षी 1,05,000 व्याज, त्यातले 70,000 खर्च, 35,000 परत ठेवीत. खर्च दरसाल 6 टक्क्यांनी वाढत गेला तर हे उरणारे पैसे कमी कमी होत दहाव्या वर्षी दोन हजारांच्या आत येतात आणि अकराव्या वर्षी मुद्दलाला हात लागतो. म्हणजे 15 लाखांत पुरस्कार दहा वर्षं सुखाने चालतो. तेवढ्या काळात ठेवीत भर घालायची आहे हे पहिल्याच ठरावात लिहावं.

रक्कम वाढवत नेण्याचा प्रश्न मोठ्यांनाही चुकलेला नाही. अकादमीचा मुख्य पुरस्कार 1955 साली 5,000 रुपयांचा होता. 1983 साली तो 10,000 झाला आणि टप्प्याटप्प्याने 1 लाखावर गेला. बाल साहित्य पुरस्कार 2010 पासून 50,000वरच आहे. मुख्य पुरस्काराच्या निम्मा. मुलांसाठी लिहिणं निम्म्या कष्टाचं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी 40 शब्दांत एक गोष्ट लिहून पाहावी.

ठेव संस्थेच्या नावावर हवी, व्यक्तीच्या नाही. नवी संस्था काढायची तर 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट. त्यापेक्षा गावात चालू असलेल्या नोंदणीकृत वाचनालयात पुरस्कारनिधी म्हणून वेगळं खातं ठेवणं बरं. अकादमीने जुन्याच यंत्रणेला नवा पुरस्कार जोडला, तसंच. देणगीदाराकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी' असं लेखी पत्र घ्यायचं. ते नसेल तर ती साधी देणगी ठरते, आणि पुढची कार्यकारिणी छपराच्या पत्र्यांवर ती खर्च करू शकते. पत्रे गळत असले तर तिला फारसा दोषही देता येणार नाही.

कराचा मुद्दा लेखकाच्या बाजूने बघा. केंद्र किंवा राज्य सरकारने सार्वजनिक हितासाठी सुरू केलेल्या, किंवा केंद्र सरकारने त्यासाठी मान्यता दिलेल्या पुरस्काराची रक्कम आयकरातून मुक्त असते. गावच्या पुरस्काराला अशी मान्यता सहसा नसते. लेखकाला पत्र पाठवताना हे सांगावं, रक्कम धनादेशाने किंवा थेट खात्यात द्यावी. व्यासपीठावर रोख रकमेचं पाकीट देऊ नये.

कोकणातलं वेळापत्रक

जाहिरात काढून पुस्तकं मागवायचा महिना जानेवारी, शेवटची तारीख 31 मार्च. जून ते सप्टेंबर पुस्तकं मागवली तर पार्सलं ओली होऊन येतात, आणि कपाटात आठ दिवसांत पुठ्ठ्याला बुरशी धरते. आर्ट पेपरवर छापलेली चित्रांची पुस्तकं ओलसर झाली की पानं एकमेकांना चिकटतात, सोडवताना चित्र सोलून निघतं. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची त्याच दिवशी वहीत नोंद आणि पोचपावती. 'आमचं पुस्तक पोचलंच नाही' ही तक्रार पोचपावतीशिवाय मिटत नाही.

एप्रिल-मेमध्ये छाननी. शाळेतली चाचणी जूनअखेरीस, शाळा रुळल्यावर. निकाल ऑगस्टमध्ये. त्याच दिवशी प्रकाशकाला फोन करून किती प्रती शिल्लक आहेत ते विचारायचं. मुलांच्या पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजाराची असते. पुरस्कार जाहीर झाला आणि पुस्तक मिळत नाही, असं झालं तर ज्या मुलांसाठी हा खटाटोप, ती रिकाम्या हाताने घरी जातात. पुनर्मुद्रणाला दीड-दोन महिने धरा. ऑगस्टचा निकाल आणि 14 नोव्हेंबरचा समारंभ यांत ते बसतं. तेवढ्यात गणपती येतात, छपाई-बांधणीची कामं रखडतात, म्हणून पंधरा दिवस जादा.

समारंभात मुलांना सतरंजीवर पुढे बसवून मोठ्यांची आठ भाषणं ऐकवू नयेत. लेखकाने पुस्तकातलं वाचावं, वीस मिनिटं. मुलांनी प्रश्न विचारावेत. अध्यक्षांना पाच मिनिटं, तीही घड्याळ लावून. स्पर्धेला आलेल्या सगळ्या पुस्तकांचा एक संच मग वाचनालयाच्या बालविभागात लावायचा, बाकीच्या प्रती वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना. त्या कुलूपबंद काचेच्या कपाटात नकोत. खालच्या फळीवर, पाच वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून. भिंतीला चिकटलेल्या पुस्तकांना पहिल्याच पावसाळ्यात वाळवी लागते.